विजेचें वजन

कल्याणहून कर्जतकडे निघालें कीं पहिलें स्थानक लागतें तें विठ्ठलवाडी. या लोहमार्गावर 1929 च्या सुमारास विजेचीं इंजिनें धावूं लागलीं. पुढें बोरघाटांत 37 फुटांस एक फूट अशी चढण आहे. ती चढतांना इंजिनाचें वजन हा त्याचा दोष नसून गुणच ठरतो. तें जड, म्हणूनच चाकें रूळ घट्ट धरून राहतात.

आकाशांत हा न्याय उलटतो. तेथें प्रत्येक शेराचें भाडें पंखांस भरावें लागतें. विजेनें उडणें ही आजची कल्पना, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाआधीं वीस वर्षें, 1883 सालीं, फ्रान्सांत तिसांदिए बंधूंनीं विजेच्या मोटारीनें वायुपोत चालविला. 9 ऑगस्ट 1884 रोजीं रेनार व क्रेब्स यांचा 'ला फ्रान्स' सुमारें 8 किलोमीटर फिरून 23 मिनिटांत निघाल्या जागीं परत आला. परंतु विद्युत्घटांच्या ओझ्यापुढें उपाय चालेना, आणि पेट्रोलनें आकाश जिंकलें.

शिवाय मोटारहि जडच. तांब्याची तार प्रवाहास अडविते व तापते. म्हणून तार जाड हवी, लोखंड पुष्कळ हवें. 1911 सालीं लायडन येथें कामरलिंग ओनेस यांस असें आढळलें कीं, उणे 269 अंशांपर्यंत थंड केलेल्या पाऱ्याचा विद्युत्‌रोध अकस्मात् नाहींसा होतो. हीच अतिवाहकता. पण प्रबळ चुंबकत्वापुढें ती टिकेना. आणि चुंबकत्वावांचून मोटार कसली? तीव्र चुंबकक्षेत्र सोसणारी निओबियम-कथलाची तार 1961 पर्यंत हातीं आली नव्हती. 1986 सालीं बेडनॉर्झ व म्युलर यांनीं चिनी मातीच्या भांड्यांसारख्या ठिसूळ पदार्थांत अतिवाहकता शोधली, आणि वर्षभरांतच द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरेशी ठरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं 1994 सालीं, निकेल हा चुंबकीय धातु असलेल्या संयुगांत अतिवाहकता दाखवून, तें जुनें वैर वाटलें तितकें सरळ नाहीं हें सिद्ध केलें.

2009 सालीं अमेरिकेंत जहाजासाठीं बांधलेली 36.5 मेगावॉटची अतिवाहक मोटार पूर्ण शक्तीनें चालली. तिचें वजन नेहमीच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी होतें. 2024 मध्यें एअरबस व तोशिबा यांनीं 2 मेगावॉटच्या विमान-मोटारीवर मिळून काम करण्याचें ठरविलें. उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन इंधनहि व्हावा आणि त्यानेंच मोटारहि थंड राहावी, अशी ही योजना. अडचणी उरल्या आहेतच: उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहानें अतिवाहक तारहि थोडी तापते, आणि शीतयंत्राचें वजन विमानास पुन्हां वाहावें लागतें.

मुलाच्या शिक्षणाविषयीं विचारावयास येणारे पालक मला नेहमीं पुसतात, "शास्त्र शिकून उपयोग काय?" त्यांचा प्रश्न गैर नाहीं, संसार त्यांस चालवावयाचा असतो. पण 1911 सालीं हाच प्रश्न ओनेस यांस कोणीं केला असता, तर विमानाचें नांव त्यांच्याहि मुखीं आलें नसतें. 1884 चें अपयश हा विजेविरुद्ध अखेरचा निकाल नव्हता. ती केवळ पुढील तारीख होती. ज्या समाजास पुढील तारखेची वाट पाहण्याचा धीर नसतो, त्याला दुसऱ्यांनीं लावलेले शोध विकत घ्यावे लागतात.