झायलिटॉलची विषबाधा (कुत्र्यांतील)

झायलिटॉल : भूर्जाच्या लाकडापासून किंवा मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून तयार होणारी, साखरेइतकीच गोड पूड. मधुमेही माणसाला ती चालते, कारण तिने माणसाचे इन्शुलिन फारसे वाढत नाही. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र तेवढ्याच ग्लुकोजने सोडले असते त्याच्या ३ ते ७ पट इन्शुलिन सोडते आणि बहुधा तासाभरात रक्तातील साखर कोसळते. ओकारी, झोकांड्या, झटके, मग बेशुद्धी. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढ्याने हे घडू शकते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याचा धोका असतो. शुगरफ्री च्युइंगगमच्या एका गोळीत ०.३ ते १ ग्रॅम झायलिटॉल असू शकते. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला दोन ते पाच गोळ्या पुरतात.

‘कृत्रिम गोडी कुत्र्याला विषारी’ हा सरसकट इशारा मात्र चुकीचा आहे. सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज हे खरे कृत्रिम पदार्थ. त्यांनी फार तर पोट बिघडते. घातक ठरते ते झाडापासून मिळणारे झायलिटॉलच. सगळ्याच शुगरफ्री वस्तूंची भीती घातली की वेष्टन कोणी वाचत नाही. वाचायचे ते एकच नाव, किंवा त्याचा क्रमांक ९६७. सिंधुदुर्गात हे कुठून येणार, असा आक्षेप निघेल. मालवणी खाजात गूळ असतो, काजूवडीत साखर, हे खरेच. पण गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या, तारकर्लीला उतरणाऱ्या पर्यटकांच्या पिशव्यांत च्युइंगगम, मिंट, माउथवॉश असतातच, आणि त्यांतल्या काहींत झायलिटॉल असते. इथला कुत्रा मोकळा, खळ्यात नाहीतर काजूच्या बागेत राखणीला. त्याने काय खाल्ले ते कोणी पाहत नाही. तो लटपटला की संशय सापावर किंवा उंदराच्या औषधावर जाणे साहजिक, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

ओकारी काढण्यासाठी मीठपाणी पाजू नये. रक्तातील सोडियम वाढून तेच जिवावर बेतू शकते. कोळशाच्या पुडीला झायलिटॉल नीट चिकटत नाही, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. कुत्रा शुद्धीवर असून लटपटत असेल तर वाटेत हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळावा. खरा उपचार शिरेतून डेक्स्ट्रोज आणि यकृतावर काही दिवस लक्ष, तोही पशुवैद्यकाकडेच. लक्षणांची वाट न पाहता निघा आणि रिकामे वेष्टन सोबत न्या.