मराठी ख्रिस्ती स्वर्गगीते

स्वर्ग, शाश्वत जीवन आणि मृत्यूनंतरची ख्रिस्तभेट यांविषयीची मराठी उपासनागीते. ती रविवारच्या उपासनेत, आजाऱ्याच्या उशाशी व विशेषतः अंत्यविधीच्या वेळी गायिली जातात. शोकग्रस्तांना धीर देणे आणि श्रद्धावंतांची आशा दृढ करणे, हे त्यांचे मुख्य प्रयोजन होय.

या गीतांचा मूलाधार बायबलचा नवा करार हा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील (अध्याय १४) पित्याच्या घराचे आश्वासन आणि प्रकटीकरणातील (अध्याय २१) मृत्यू व अश्रू नसलेल्या नव्या यरुशलेमचे वर्णन या दोहोंवर ती मुख्यतः उभी आहेत. यूरोपात क्लूनीचा बर्नार्ड (बारावे शतक) आणि आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) यांनी या कल्पनांना पद्यरूप दिले. मराठीत फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण (१६१६) या ग्रंथासाठी ओवी हा छंद स्वीकारून ख्रिस्तकथेला देशी रूप दिले. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबई (१८१३), अहमदनगर (१८३१, विद्यमान अहिल्यानगर) व सातारा (१८४९) येथे सुरू झाले आणि पाश्चात्त्य स्तोत्रे भाषांतरांच्या रूपाने मराठीत आली.

भाषांतरकारांपुढील खरी अडचण ‘स्वर्ग’ या शब्दाचीच होती. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायानुसार पुण्य क्षीण होताच स्वर्गस्थ जीव मर्त्यलोकी परततो. म्हणजे हा स्वर्ग तात्पुरता आहे. ख्रिस्ती स्वर्ग मात्र शाश्वत असून तो पुण्याच्या मोबदल्यात नव्हे, तर ईश्वरी कृपेने लाभतो. हा भेद केवळ शब्दांतराने स्पष्ट होणारा नव्हता. त्यासाठी भक्तिपरंपरेतील परिचित भावविश्वाचा आधार उपयुक्त ठरला.

कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींची पदे रचून या कार्यास चालना दिली. ते परिपक्व केले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी संत तुकारामांचे ऋण मुक्तकंठाने मान्य केले आहे. मराठी उपासनासंगीतात त्यांची दोनशेहून अधिक पदे समाविष्ट झाली. ख्रिस्ताला माउली व गुरू मानणाऱ्या या कवीच्या दृष्टीने स्वर्ग म्हणजे रत्नखचित नगरी नसून प्रभूचे अखंड सान्निध्य होय. त्यामुळे त्याचा आरंभ याच जन्मी होऊ शकतो. १९१७ मध्ये ते साताऱ्यास आले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी स्थापन केली.

सातारा जिल्ह्यात अशा गीतांना अनुकूल पार्श्वभूमी होती. ज्ञानेश्वरांची पालखी याच जिल्ह्यातील लोणंद येथे मुक्काम करते आणि पुढे चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. वाटचाल, मुक्काम, पुढची ओढ आणि भेटीचा आनंद हा क्रम तेथील लोकांनी दरवर्षी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. वारकऱ्यांसाठी पंढरी हे माहेर असते. अशा श्रोत्यास ‘पित्याचे घर’ ही कल्पना परकी वाटत नाही. दोन्हींतील धर्मतत्त्वे मात्र भिन्न आहेत, हे विसरून चालत नाही.

धर्मांतरितांच्या दृष्टीने या गीतांचे मोल अधिकच होते. धर्मांतरामुळे अनेकांचे नातलग दुरावले व परंपरागत अंत्यसंस्कारही सुटले. ही ताटातूट किती कठोर असे, हे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रावरून कळते. रडणाऱ्या घराभोवती जमून गाणारी मंडळी हीच अशा कुटुंबाची नवी भावकी ठरली.

परलोकाच्या आशेमुळे इहलोकातील अन्यायाकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप या प्रकारच्या गीतांवर घेतला जातो. ज्या गीतांत स्वर्ग केवळ पलायनाची जागा बनतो, त्यांना तो लागूही पडतो. तथापि टिळकांच्या बाबतीत ही भक्ती देशप्रेम व दुःखितांची सेवा यांपासून कधीच अलग झाली नाही. आणि म्हणूनच त्यांच्या पदांतील दिलासा टिकाऊ ठरला.