एका श्वेत रक्ताची कुळकथा

ज्या द्रवाला पुढे ‘कृत्रिम रक्त’ हे भारदस्त नाव मिळाले, त्याचे मूळ रुग्णालयात नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या अणुबाँब-प्रकल्पात सापडते. युरेनियमची समस्थानिके वेगळी करताना लागणारा युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू बहुतेक पदार्थांना खाऊन टाकी. त्याच्यापुढे टिकणारी वंगणे व शीतके पुरविली ती परफ्लुरोकार्बन नामक संयुगांनी, कारण सहसा कशाशीही विक्रिया न करणे हा त्यांचा स्वभावच आहे. त्यांच्यात प्राणवायूही मुबलक विरघळतो.

या दुसऱ्या गुणाचे मोल पुढे लीलंड क्लार्क यांनी ओळखले; रक्तातील प्राणवायू मोजणारा विद्युदग्र घडविणाऱ्याच्याच हातून हे व्हावे, यात मला मोठे औचित्य वाटते. १९६६ साली त्यांनी व फ्रँक गोलन यांनी प्राणवायूने संपृक्त केलेल्या या द्रवात उंदीर बुडविला, आणि फुप्फुसांत द्रव भरला असताही तो श्वास घेत जिवंत राहिला. दोनच वर्षांनी हार्वर्डच्या रॉबर्ट गायर यांनी मोठ्या जातीच्या उंदरांचे जवळजवळ सारे रक्त काढून त्या जागी या संयुगांचे दुधासारखे पायस भरले, तरी ते जगले.

जपानच्या ग्रीन क्रॉस कंपनीने अशाच पायसाचे ‘फ्लुओसोल’ हे औषध सिद्ध केले. त्याला रक्तगट जुळविण्याची गरज नव्हती, आणि धर्मश्रद्धेमुळे परक्याचे रक्त नाकारणाऱ्यांनाही ते देता येई. म्हणून रणभूमीवरचा जखमी, अपघातग्रस्त, रक्तपेढीपासून दूर पडलेला रुग्ण या साऱ्यांचा भार त्याच्यावर टाकण्याची आशा धरली गेली. परंतु रक्तातील हीमोग्लोबिन साध्या हवेतूनही प्राणवायू भरपूर उचलते, तर या पायसात तो केवळ दाबाच्या प्रमाणात विरघळतो. सबब रुग्णास जवळजवळ शुद्ध प्राणवायू हुंगवावा लागे. शिवाय ते गोठवून ठेवावे लागे, मग रणभूमीवर त्याचा काय उपयोग?

१९८९ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने मंजुरी दिली, ती एका मर्यादित कामापुरती. हृदयाची अरुंद रोहिणी फुग्याने रुंदावताना प्रवाह क्षणभर अडतो. तेवढ्या वेळात फुग्याच्या पुढील स्नायूस प्राणवायू पोहोचविणे, हे ते काम. १९९४ साली त्याचे उत्पादन थांबले.

रक्त गोठते, रोगजंतूंशी लढते, अन्नरस वाहते. यांपैकी एकही काम या द्रवाच्या अखत्यारीत नव्हते. माझ्या मते त्यास रक्त म्हणणे हाच अन्याय होता. ‘प्राणवायुवाहक’ एवढेच त्याचे खरे नाव.