सेस्टर्शियस

सेस्टर्शियस हे प्राचीन रोममधील एक नाणे होय. प्रजासत्ताकाच्या काळात ते चांदीचे व आकाराने लहान होते. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून ते मोठ्या आकाराचे पितळी नाणे झाले. तथापि नाणकशास्त्रात त्याची गणना सामान्यतः रोमन ब्राँझ नाण्यांत केली जाते. त्याच्या रुंद पृष्ठभागावर सविस्तर चित्रे उमटविता येत असल्यामुळे ते शासकीय प्रचाराचे प्रभावी साधन ठरले.

मूल्य व धातू

हे नाणे इ.स.पू. २११ च्या सुमारास प्रचारात आले. त्याचे मूळ मूल्य अडीच ॲस होते व नावाचा अर्थही तोच आहे. पुढे ते चार ॲस झाले. इ.स.पू. २३ च्या सुमारास ऑगस्टसने ते तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूत पाडण्यास आरंभ केला. त्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम व व्यास ३ सेंमी.हून अधिक असे. चार सेस्टर्शियस म्हणजे एक डेनारियस आणि शंभर म्हणजे एक सुवर्ण ऑरियस होय.

चित्रांकन

दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचे मुखचित्र व बिरुदे असत. मागील बाजूवर देवता, वास्तू, विजय किंवा लोकोपयोगी कार्ये दाखवीत. व्हेस्पासियनच्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली स्त्री पराभूत ज्यूडियाचे प्रतीक आहे. टायटसच्या नाण्यावर कलोसियम दिसते. हेड्रियनने ९० कोटी सेस्टर्शियसची जुनी थकबाकी माफ केली; त्या प्रसंगीच्या नाण्यावर कर्जाच्या कागदपत्रांना मशालीने आग लावणारा सेवक कोरलेला असून माफीची रक्कमही लेखात दिली आहे.

ऐतिहासिक मूल्य

नष्ट वा जीर्ण झालेल्या वास्तूंचे मूळ रूप समजण्यास ही चित्रे उपयोगी पडतात. मात्र ती शासनाची बाजू मांडतात, हे ध्यानात घ्यावे लागते. नीरोच्या इ.स. ६४ च्या सुमाराच्या नाण्यावर ओस्टियाचे बंदर जहाजांनी गजबजलेले व सुरक्षित दिसते. याच बंदरात इ.स. ६२ मध्ये वादळाने सुमारे २०० जहाजे बुडाल्याची नोंद टॅसिटसने केली आहे.

ऱ्हास

तिसऱ्या शतकातील चलनवाढीमुळे सेस्टर्शियसचे मूल्य घसरत गेले. डेशियसने (इ.स. २४९–२५१) दुप्पट मूल्याचे नाणे काढले. पोस्ट्युमसने जुनीच नाणी पुन्हा ठोकून वापरात आणली. त्यानंतर लवकरच सेस्टर्शियसची निर्मिती थांबली.