‘पथेर पांचाली’च्या चित्रणाची हकीकत

शरद् ऋतु लागला कीं बंगालच्या मोकळ्या माळांवर ‘काश’ नांवाचें उंच गवत फुलतें, आणि पाहावें तिकडे पांढरे शुभ्र तुरे वाऱ्यावर डोलूं लागतात. १९५२ सालच्या ऑक्टोबरांत एके दिवशीं कलकत्त्याची एक लहानशी मंडळी वर्धमानच्या वाटेवरील पालसिट गांवाजवळ अशाच एका माळावर येऊन दाखल झाली. माळाच्या कडेनें लोहमार्ग जात होता. मंडळीजवळ एक कॅमेरा होता, आणि बरोबर एक लहान मुलगा व त्याहून थोडी मोठी एक मुलगी, अशीं दोन मुलें होतीं. खेड्यांतील भावंडें आयुष्यांत प्रथमच आगगाडी पाहतात, हा प्रसंग त्यांना टिपावयाचा होता. ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटाच्या चित्रणाचा तो पहिला दिवस.

मंडळीचे प्रमुख सत्यजित राय हे एका ब्रिटिश जाहिरात कंपनीच्या कलकत्ता कचेरींत चित्रकार होते. चित्रपट काढण्याचा अनुभव त्यांना मुळींच नव्हता. छायालेखक सुब्रत मित्र हा अवघा बाविशीचा तरुण. त्यानें स्थिर छायाचित्रें पुष्कळ घेतलीं होतीं, पण चलच्चित्राचा कॅमेरा कधीं चालविला नव्हता. ज्यांना या धंद्याची थोडीफार माहिती होती असे एक कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त. झां रन्वार या फ्रेंच दिग्दर्शकानें ‘द रिव्हर’ हा चित्रपट बंगालमध्यें घेतला, तेव्हां त्यांनीं त्यांत काम केलें होतें.

पहिल्याच दृश्यांत अडचण आली. धाकट्या अपूनें रुसून पुढें गेलेल्या बहिणीला शोधीत, थबकत, इकडे तिकडे पाहत गवतांतून चालावयाचें. पण सुबीर बॅनर्जी हा मुलगा कळसूत्री बाहुलीसारखा सरळ चालत सुटे. तेव्हां राय यांनीं आपले साहाय्यक गवतांत ठिकठिकाणीं दडवून ठेवले आणि त्यांना ठराविक क्षणीं मुलास हांक मारावयास सांगितलें. त्याच्या वाटेंत काटक्याही टाकल्या. मग काटक्या चुकवीत आणि हांकेसरशी मान वळवीत तो चालला, आणि अभिनय आपोआपच साधला. दिवस मावळेपर्यंत निम्मा प्रसंग झाला. पुढच्या सुटीस मंडळी परत येऊन पाहते तों माळ उघडा! आठवड्याभरांत गुरांनीं सारीं फुलें खाऊन टाकलीं होतीं. तो प्रसंग पुरा करावयास पुढच्या शरदाची वाट पाहणें भाग पडलें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कित्येकांनीं तेव्हां केला. खेडें स्टुडिओंत उभें करावें, झाडें पडद्यावर रंगवावीं, असाच त्या काळचा सर्वसाधारण प्रघात होता. शिवाय राय यांच्या कथेंत नायक-नायिकांचीं गाणीं नव्हतीं. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या गाजलेल्या कादंबरीचा आधार असूनही निर्माते एकामागून एक नकार देत गेले. १९५० सालीं लंडनच्या मुक्कामांत राय यांनीं ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट पाहिला होता. नवखीं माणसें आणि खऱ्या गल्ल्या घेऊन चित्रपट होऊं शकतो, ही खात्री त्यांना तेथें पटली, आणि ती पुढें सुटली नाहीं.

भांडवलासाठीं त्यांनीं विम्यावर कर्ज काढलें, आपल्या आवडीच्या ग्रामोफोन-तबकड्या विकल्या, आणि पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. मराठी श्रोत्यांना येथें सरस्वतीबाई फाळके आठवल्यावांचून राहणार नाहींत. कलकत्त्यापासून थोड्याच मैलांवरील बोराल या गांवीं एक पडकें घर भाड्यानें मिळालें. त्याची डागडुजी, म्हणजे खरें म्हणजे हवी तेवढी पडझड, बन्सीबाबूंनीं केली. दिवसाचे प्रसंग तेथें आणि रात्रीचे स्टुडिओंत, अशी विभागणी ठरली. पैसा आला कीं काम चाले, आणि संपला कीं महिनोन् महिने बंद पडे.

या थांबण्यांतच खरी धास्ती होती. चित्रपटांतील काळ थोडा, आणि वाढतीं मुलें तर कोणासाठीं थांबत नाहींत. मधल्या काळांत अपूचा आवाज फुटला असता, किंवा दुर्गेचें काम करणारी उमा दासगुप्त एकदम मोठी दिसूं लागली असती, तर आधींचें चित्रण मातीमोल झालें असतें. मिठाईवाल्याचें काम करणारा गृहस्थ तर खरोखरच वारला. त्याच्या उरलेल्या दृश्यांसाठीं तसाच एक लठ्ठ मनुष्य शोधून त्याची केवळ पाठ दाखवावी लागली. याच मिठाईवाल्यामागून मुलें आणि मुलांमागून कुत्रा चालतो, हें दृश्य पाहणाऱ्यांना फार आवडतें. तो कुत्रा कांहीं केल्या चालेना, म्हणून दुर्गेच्या पाठीमागच्या मुठींत संदेश ही मिठाई लपवून दिली होती.

अखेर राय यांच्या मातोश्रींच्या परिचयांतून हें प्रकरण पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्यापर्यंत पोंचलें आणि सरकारनें पैसा पुरविण्याचें मान्य केलें. चित्रपटाच्या नांवांत ‘पथ’ असल्यानें ती रक्कम रस्त्यांच्या खात्यावर पडली, ही गोष्ट पुढें थट्टेचा विषय झाली. शेवट बदलून ग्रामसुधारणा दाखवावी, अशीही सूचना सरकारी वर्तुळांतून आली होती. ती मानली गेली नाहीं, हें सुदैवच.

सरकारी हप्ता हातीं आला तेव्हां पावसाळा सरला होता. दुर्गा पावसांत भिजते, तापानें आजारी पडते आणि त्यांतच जाते, हा तर कथेचा मर्मभाग. तेव्हां ऑक्टोबरच्या निरभ्र आकाशाखालीं मंडळी मुलांना घेऊन दिवसामागून दिवस बोरालला जाऊन बसूं लागली. स्टुडिओंत नळ्या सोडून हेंच काम एका दुपारांत उरकलें असतें. शेवटीं एके दिवशीं ढग दाटून आले आणि मुसळधार पाऊस कोसळला. बहिणीच्या पदराखालीं कुडकुडणारा अपू पडद्यावर दिसतो, तें कुडकुडणें खरें आहे. दृश्य संपतांच दोन्ही मुलांना गरम दुधांतून थोडी ब्रँडी पाजावी लागली.

सर्वांत मोठी काळजी मात्र चुनीबाला देवींची होती. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचें काम करणाऱ्या या बाई एके काळच्या रंगभूमीवरील नटी; वय ऐंशीच्या घरांत, आणि कित्येक वर्षें चेहऱ्याला रंग लागलेला नाहीं. रोज वीस रुपये मेहनताना आणि वेळेवर अफूची मात्रा, एवढ्यावर त्या काम करीत. पण स्मरणशक्ति अशी कीं, मागच्या दृश्यांत आपला कोणता हात ओला होता, गांठोडें कोणत्या हातीं होतें, हें साहाय्यकांच्या आधीं त्याच सांगत. इंदिरची अंत्ययात्रा चित्रित करावयाची तेव्हां, तिरडीवर निजावयास या वृद्धेला सांगावें कसें, असा राय यांना संकोच वाटला. बाईंनीं हंसत होकार दिला. दृश्य झालें, तिरडी खालीं ठेवली, दोर सोडले; तरी बाई हालत ना चालत. सगळ्यांचे चेहरे उतरले. इतक्यांत बाईंनीं डोळे उघडले आणि दृश्य संपलें हें आपणांस कोणी सांगितलें कां नाहीं, म्हणून त्या रागावल्या.

पुढचें काम धांवपळींत झालें. रविशंकर यांनीं सारी रात्र जागून सुमारें अकरा तासांत संगीत पुरें केलें, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत ३ मे १९५५ रोजीं चित्रपट प्रथम दाखविला गेला. बेचाळीस वर्षांपूर्वीं याच तारखेला मुंबईंत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. कलकत्त्यांत तो २६ ऑगस्टला प्रदर्शित झाला. अपूचा आवाज तोंवर फुटला नव्हता, दुर्गाही फारशी मोठी दिसली नाहीं, आणि चुनीबाला देवींनीं आपलें सर्व काम पुरें करून दिलें होतें. परंतु थिएटरांत गर्दी लोटली तें पाहावयास त्या हयात नव्हत्या.