पाहुणे गेले, विद्या राहिली

'तांत्रिक साहाय्य' हा शब्द मोठा सरकारी आहे. पण पुणेकरांना त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल, तर त्यांनी डॉ. आंबेडकर रस्त्यावर जावे. आज आपण जिला एनआयव्ही म्हणतो ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झाली. अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो जोडसंसार होता. परदेशी मदत म्हटले की आपल्याला औषधांची खोकी आठवतात. इथे माणसे घडवायची होती.

कसोटीची वेळ १९५७ मध्ये आली. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. हा पिवळा ताप तर नव्हे, या धास्तीने केंद्राचे तेव्हाचे प्रमुख टेलफर्ड वर्क पथकासह तिकडे धावले. विषाणू निघाला निराळाच. तो गोचिडींतून पसरत होता आणि त्याचे नातेगोते थेट रशियातल्या मेंदूज्वराशी जुळत होते. रशियाचा नातलग सह्याद्रीत कसा? संशय स्थलांतरित पक्ष्यांवर गेला. पुढे सालिम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची जी मोठी मोहीम काढली, तिच्यामागे हेही एक कारण होते.

मी कवितेचा माणूस, मला यात भावते ते वेगळेच. जंगलातल्या जमिनीवरून कापड ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचायच्या, हे काम पुस्तकातून येत नाही. आमच्याकडे उस्ताद आणि शागीर्द म्हणतात, तसे ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. या शिक्षणाची किंमतही मोजावी लागली; प्रयोगशाळेतल्या काही कर्मचाऱ्यांना याच तापाने गाठले.

आणि एक मोठा धडा मिळाला. नातेवाईक विषाणूवर चालणारी तयार लस बाहेरून आणून शिमोग्यात टोचून पाहिली. ती उपयोगी पडली नाही. मग इथल्या विषाणूवर इथेच, पुण्यात, लस तयार करावी लागली. आयती मदत कुठवर पुरते, ते तेव्हा कळले.

१९६७ पासून संस्थेचा सारा भार भारतीय परिषदेने उचलला. १९७८ मध्ये तिचे नाव बदलले आणि डॉ. खोरशेद पावरी संचालक झाल्या. क्यासनूरच्या जंगलात उमेदवारी केलेले कीटकशास्त्रज्ञ पी. के. राजगोपालन यांनी पुढे पुदुच्चेरीचे कीटकजन्य रोगांचे केंद्र उभे केले. शागीर्द उस्ताद झाले, ते असे. मार्च २०२० मध्ये इराणात अडकलेल्या भारतीयांची कोरोना तपासणी करायला पुण्याचे शास्त्रज्ञ तेहरानला गेले, तेव्हा मदतीची दिशाच उलटलेली होती.

तो माकडताप मात्र हटलेला नाही. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या काजूबागांत उतरला. त्यावरची जुनी लस पुरेशी परिणामकारक राहिली नाही, म्हणून कर्नाटकाने २०२२ मध्ये ती देणे थांबवले. नवी लस हाती येईपर्यंत काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्या बाईने अंगभर कपडे घालायचे, गोचिडी दूर ठेवणारे तेल चोपडायचे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची, एवढेच तिच्या हाती आहे.