'सेल्फ' फिरतो, इंजिन मात्र ढिम्म!
जुन्या ट्रकच्या स्टार्टरची दुखणी आणि त्यांचे निदान

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत ट्रक हे केवळ मालवाहतुकीचे साधन नाही. घुग्घुस, बल्लारपूर परिसरातील कोळसा, गडचांदूरकडचे सिमेंट, आलापल्लीच्या जंगलातील साग आणि बांबू, देसाईगंज व मूल भागातील धान या साऱ्यांची ने-आण ट्रकवरच अवलंबून असते. यांपैकी बरीच वाहने जुनी आहेत. अशा ट्रकचे इंजिन धडधाकट असूनही एखाद्या दुपारी चहासाठी थांबल्यावर तो पुन्हा सुरूच होत नाही. शहरात हा तासाभराचा खोळंबा ठरतो. आलापल्ली ते भामरागड किंवा एटापल्लीच्या वाटेवर मात्र गॅरेज दूर असते आणि मोबाइलला अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. तिथे याच बिघाडापायी चालक व क्लीनरला रात्र जंगलात काढावी लागते.

चालकांच्या बोलीत 'सेल्फ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टार्टर मोटारीचे दोष बहुधा एकाच ठिकाणी उद्भवतात. मोटारीचे छोटे दंतचक्र आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील मोठी दातेरी रिंग यांची जुळणी नीट होत नाही, हे त्याचे मूळ होय.

जुळणी कशी होते?

अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९११ मध्ये मोटारगाडीसाठी व्यवहार्य विद्युत स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसविला गेला. तोपर्यंत इंजिन हँडल मारूनच सुरू करावे लागे. तत्त्व आजही तेच आहे. छोट्या दंतचक्राला, म्हणजे पिनियनला, साधारण दहा ते पंधरा फेरे घालावे लागतात तेव्हा फ्लायव्हीलचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणूनच लहानशी मोटार अवजड डिझेल इंजिन फिरवू शकते.

चावी फिरवताच सोलेनॉइडमधील दोन वेटोळ्यांना वीज मिळते. एक वेटोळे लोखंडी दांडा जोराने ओढते, दुसरे तो धरून ठेवते. दांड्याला जोडलेला काटा पिनियनला रिंगमध्ये सरकवतो आणि मगच मुख्य संपर्क जुळून मोटार पूर्ण शक्तीने फिरते. इंजिन सुरू झाल्यावर उलट प्रकार घडतो. रिंगच पिनियनला फिरवू लागते आणि इंजिनाचे मिनिटाला हजार फेरे झाले, तर पिनियनचे दहा हजारांवर जातात. या वेगाने आर्मेचर विस्कटू नये म्हणून पिनियनमागे एकदिशा क्लच असतो. तो मोटारीकडून आलेली शक्ती पुढे पोचवतो, पण इंजिनाकडून आलेली मागे जाऊ देत नाही. काही जुन्या अवजड वाहनांत संपूर्ण आर्मेचरच पुढे सरकण्याची रचनाही आढळते.

आवाज हाच साक्षीदार

निदानाची सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर बॅटरीचे टर्मिनल, चावीचा स्विच आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार तपासावी. एकच 'टक्' होऊन सारे शांत झाले, तर पिनियन सरकले पण मोटारीला पुरेशी वीज मिळाली नाही, असे समजावे. सोलेनॉइडचे जळालेले संपर्क, झिजलेले कार्बन किंवा दातावर दात अडणे ही त्याची कारणे असतात. 'टक्-टक्-टक्' असा सलग आवाज बहुतेकदा उतरलेल्या बॅटरीचा असतो; क्वचित धरून ठेवणारे वेटोळे तुटल्यानेही तो येतो.

मोटार भिर्र फिरते, पण इंजिन हलत नाही, तेव्हा एकदिशा क्लच घसरत असतो किंवा पिनियन पुढे सरकतच नसते. करकर असा दात घासल्याचा आवाज झिजलेल्या दातांचा अथवा स्टार्टरचे बोल्ट ढिले झाल्याचा असतो. इंजिन सुरू झाल्यावरही शिट्टीसारखा आवाज चालू राहिला, तर पिनियन रिंगमध्ये अडकून राहिले आहे. अशा वेळी इंजिन बंद करून बॅटरीची तार तात्काळ काढावी, अन्यथा मोटार जळून जाते.

महागडा सुटा भाग बदलण्यापूर्वी मल्टिमीटर लावणे शहाणपणाचे ठरते. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. २४ व्होल्टच्या गाडीत हेच आकडे दुप्पट धरावेत. बॅटरी उत्तम असूनही मोटार मंद फिरत असेल, तर दोष जाड तारांत असतो. विशेषतः इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंज, रंग किंवा तेलामुळे निकामी झालेली आढळते. स्टार्टर खोलून पाहिल्यावरही दोष सापडत नाही, त्या अनेक वेळा हीच पट्टी कारणीभूत असते.

रिंगची ठरावीक झीज

कधी ट्रक सहज सुरू होतो, तर कधी करकर करून अडतो. या लहरीपणाला नेमके कारण आहे. बंद होताना इंजिन कोणत्या तरी सिलिंडरमधील हवेच्या दाबाशी अडून थांबते. सहा सिलिंडरच्या इंजिनात फ्लायव्हीलवर अशा तीन जागा येतात, चार सिलिंडरच्या इंजिनात दोन. पिनियन वर्षानुवर्षे त्याच दातांवर आदळते आणि रिंग तेवढ्याच भागांत झिजते.

वाटेत अडल्यास सपाट जागी चावी काढून, इंजिन बंद करण्याची कळ ओढून, वरच्या गिअरमध्ये ट्रक किंचित ढकलावा. फ्लायव्हीलची जागा बदलते आणि पिनियनला चांगले दात मिळतात. त्यानंतर गाडी न्यूट्रलला आणून हँडब्रेक लावूनच सेल्फ मारावा. कायमचा उपाय मात्र गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलण्याचाच. नवी रिंग सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत सर्व बाजूंनी समान तापवून बसवतात. ती लालभडक केल्यास दातांचा कठीणपणा जातो. झिजलेल्या रिंगवर नुसते नवे पिनियन बसविले, तर तेही लवकरच झिजते.

धूळ, पाणी आणि उन्हाळा

या भागाची हवाही स्टार्टरला मानवत नाही. कोळशाची व सिमेंटची धूळ पिनियनच्या आट्यांवरील घट्ट ग्रीसला चिकटून खरवडी धरते आणि पिनियन सरकेनासे होते. म्हणून आटे स्वच्छ करून तिथे पातळ तेलाचा हलका हातच द्यावा. एकदिशा क्लच डिझेलमध्ये बुडवून धुण्याची सवय घातक आहे. त्याच्या आतले बंदिस्त ग्रीस निघून जाते आणि तो घसरू लागतो. पावसाळ्यात नाल्यांच्या पाण्यातून गेलेल्या ट्रकच्या स्टार्टरमध्ये ओल शिरते, बुश व संपर्क गंजतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तापलेली मोटार सतत फिरवणे म्हणजे ती जाळणेच होय. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबावे.

जीवावर बेतणारा जुगाड

गाडीखाली शिरून पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे टर्मिनल जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. दोन जाड बोल्ट जोडल्याने मोटार नुसतीच फिरते, पिनियन पुढे सरकत नाही. बारीक टर्मिनलला थेट वीज दिल्यास मात्र इंजिन खरोखर फिरते. जुन्या ट्रकना गिअरमध्ये असताना सेल्फ रोखणारा स्विच सहसा नसतो. त्यामुळे गिअर पडलेला असल्यास ट्रक तत्क्षणी पुढे सरकतो आणि चाकाजवळचा माणूस चिरडला जातो. बॅटरीजवळ ठिणगी उडाल्यास तिच्यातील हायड्रोजन वायूचा भडका उडण्याचा धोका वेगळाच. सेल्फ बिघडला म्हणून दिवसभर इंजिन चालू ठेवणे किंवा उतार पाहून ट्रक उभा करणे हे उपायही डिझेल आणि ब्रेक यांच्या जोरावर चाललेले असतात.

त्यापेक्षा जंगलाच्या वाटेला लागण्यापूर्वीची दहा मिनिटे मोलाची ठरतात. टर्मिनल घासून घट्ट करणे, अर्थिंगची पट्टी व स्टार्टरचे बोल्ट पाहणे, बॅटरीचे पाणी व व्होल्टेज तपासणे एवढेच त्यासाठी पुरे. स्टार्टर एका दिवसात मरत नाही. अखेरचा अडण्यापूर्वी तो बहुधा करकरतो, मंदावतो, एखाद्या सकाळी नुसताच 'टक्' म्हणतो. त्या इशाऱ्याकडे चंद्रपुरात लक्ष दिले, तर भामरागडच्या रस्त्यावर रात्र काढण्याची वेळ येत नाही.